अधिवेशनानंतरची उसळी: अमेरिकी उमेदवारांचे आकडे चार दिवसांत का चढतात आणि मग कुठे जातात?

जुलै १९८८. अटलांटा शहरात डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन संपलं आणि पक्षाचे उमेदवार, मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस, गॅलप या संस्थेच्या जनमत चाचणीत रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश (थोरले) यांच्यापेक्षा तब्बल १७ टक्क्यांनी पुढे गेले. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत एवढी आघाडी म्हणजे मोहीम जवळपास संपल्यासारखीच. साडेतीन महिन्यांनी मतदान झालं. बुश जवळपास आठ टक्क्यांनी जिंकले आणि ५० पैकी ४० राज्यं त्यांच्याकडे गेली.

दर चार वर्षांनी आपल्या बातम्यांमध्येही हा मथळा येतो: ‘अधिवेशनानंतर अमुक यांच्या लोकप्रियतेत मोठी वाढ’. घरातलं कुणी ना कुणी न्यू जर्सीत, टेक्सासात किंवा कॅलिफोर्नियात असतं, व्हिसाचे नियम कोण बदलणार याची धाकधूक असते, त्यामुळे आपणही ते आकडे लक्ष देऊन वाचतो. चार दिवसांच्या सोहळ्यातून लाखो लोकांचं मत खरंच बदलतं का? आणि बदलत असेल, तर डुकाकिस यांचे १७ टक्के गेले कुठे?

माझं मत आधीच सांगून टाकतो. अधिवेशनानंतर चढणारा आकडा खोटा नसतो, पण तो मोजतो वेगळंच काहीतरी. विरोधकाचा माणूस फुटून आपल्याकडे आला असा त्याचा अर्थ आपण लावतो. प्रत्यक्षात आपल्याच घरातला रुसलेला माणूस परत आला, किंवा आपल्याच माणसाने या आठवड्यात चाचणीवाल्याचा फोन उचलला, एवढंच बहुतेक वेळा घडलेलं असतं.

अधिवेशनात नेमकं होतं काय?

आपल्याकडे पक्षाचं अधिवेशन म्हटलं की ठराव आठवतात. १९३६ साली खानदेशात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं ते पहिलं. तिथे चर्चा झाली ती शेतकऱ्यांच्या प्रश्नांची. उमेदवार ठरवणं हे आपल्या अधिवेशनांचं काम कधी नव्हतं. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात.

अमेरिकेत मात्र अधिवेशन भरतं तेच अध्यक्षपदाची उमेदवारी देण्यासाठी. प्रत्येक राज्यातून प्रतिनिधी येतात (त्यांना डेलिगेट म्हणतात), राज्यवार नावं पुकारली जातात आणि ज्याला बहुमत मिळेल तो पक्षाचा उमेदवार. २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे असे २,४२९ प्रतिनिधी होते, डेमोक्रॅटिक पक्षाचे साधारण साडेचार हजारांच्या वर. डेमोक्रॅटिक पक्षात खासदार आपोआप प्रतिनिधी ठरतात. त्यामुळे बेळगावात वाढलेले, अस्खलित मराठी बोलणारे मिशिगनचे खासदार श्री ठाणेदार हेही या नियमाने प्रतिनिधींच्या यादीत येतात.

जुन्या काळी इथे खरीखुरी लढत व्हायची. १९२४ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डेमोक्रॅटिक प्रतिनिधी दोन आठवड्यांहून अधिक काळ भांडत राहिले आणि १०३ व्या फेरीत जॉन डेव्हिस यांचं नाव कसंबसं ठरलं. पहिल्या फेरीत निकाल न लागलेलं शेवटचं अधिवेशन १९५२ चं. १९७० च्या दशकापासून ‘प्रायमरी’, म्हणजे राज्याराज्यांत पक्षाच्या मतदारांनी उमेदवार निवडण्याची पद्धत, सगळीकडे पसरली. त्यामुळे आता अधिवेशनाच्या कितीतरी आधी नाव पक्कं झालेलं असतं. २०२४ मध्ये तर डेमोक्रॅटिक पक्षाने कमला हॅरिस यांची उमेदवारी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच ऑनलाइन मतदानाने ठरवून टाकली होती. १९ ऑगस्टला शिकागोत सुरू झालेल्या अधिवेशनात राज्यवार नावं पुन्हा पुकारली गेली, प्रत्येक राज्यासाठी एकेक गाणं वाजलं आणि जॉर्जियाची पाळी आली तेव्हा रॅपर लिल जॉन स्वतः प्रेक्षकांतून गात खाली उतरला. ठरलेल्या गोष्टीचा जल्लोष, एवढंच त्या मतदानाचं काम होतं.

म्हणजे निर्णय निघून गेला आणि सोहळा उरला. या सोहळ्याला चार रात्री मोक्याच्या वेळी टीव्हीवर जागा मिळते. पक्षातली मोठी नावं बोलतात, तिसऱ्या रात्री सहसा उपाध्यक्षपदाचा उमेदवार आणि शेवटच्या रात्री स्वतः उमेदवार उमेदवारी स्वीकारण्याचं भाषण करतो. मग छतावरून फुगे सुटतात. दुसऱ्या दिवसापासून चाचण्या घेणाऱ्या संस्था फोन फिरवू लागतात.

‘लोकप्रियता’ म्हणजे तीन वेगवेगळे प्रश्न

बातम्यांमध्ये सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबू.

‘अध्यक्ष म्हणून अमुक यांचं काम तुम्हाला पसंत आहे का?’ हा पहिला प्रश्न. हा सत्तेवर असलेल्या माणसाबद्दलच विचारता येतो. तिकडे ‘अप्रूव्हल रेटिंग’ म्हणतात ते हे, आणि गॅलप ही संस्था फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या काळापासून २०२५ पर्यंत ते मोजत होती. ‘या व्यक्तीबद्दल तुमचं मत चांगलं आहे की वाईट?’ हा दुसरा प्रश्न. तो कुणाबद्दलही विचारता येतो, मग ती व्यक्ती पदावर असो वा नसो. आणि ‘आज मतदान झालं तर मत कुणाला द्याल?’ हा तिसरा.

मराठी बातमीत तिन्हींची मिळून ‘लोकप्रियता’ होते. पण ते आकडे एकत्र हलत नाहीत. ट्रम्प यांच्याबद्दल मत वाईट आहे असं सांगून शेवटी त्यांनाच मत देणारे लाखो लोक अमेरिकेत आहेत. एखाद्या नेत्याबद्दल आपुलकी असून त्याचा पक्ष नको म्हणणारेही आहेत. अधिवेशनाचा परिणाम सर्वांत लवकर दिसतो तो दुसऱ्या प्रश्नावर, कारण चार रात्री उमेदवाराचं बालपण, आई-वडील, मुलंबाळं हेच दाखवलं जातं. तिसऱ्यावर त्याहून कमी दिसतो. पहिल्यावर सर्वांत कमी, कारण अध्यक्षाच्या कामाबद्दलचं मत महागाई, नोकऱ्या आणि युद्ध यांवर बनतं, भाषणांवर नाही.

‘अधिवेशनाची उसळी’ हा तिकडचा रूढ शब्दप्रयोग मुख्यतः तिसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. अधिवेशनाच्या आधी उमेदवाराला १०० पैकी ४२ जण मत देऊ म्हणत होते आणि नंतर ४७ म्हणू लागले, तर उसळी ५ ची.

साठ वर्षांच्या नोंदी काय सांगतात?

गॅलपने १९६४ पासून ही उसळी मोजली. सरासरी येते साधारण ५. सरासरीपेक्षा रंजक आहेत ते एकेकट्या उमेदवारांचे आकडे. १९८० मध्ये जिमी कार्टर यांना १० ची उसळी मिळाली आणि नोव्हेंबरमध्ये त्यांचा रोनाल्ड रेगन यांच्याकडून दारुण पराभव झाला. १९८४ मध्ये वॉल्टर मॉन्डेल यांची उसळी ९, आणि निकाल? ५० पैकी ४९ राज्यं विरोधात. त्याच वर्षी विजयी रेगन यांना फक्त ४ मिळाले होते. २००० साली जॉर्ज डब्ल्यू. बुश आणि अल गोर दोघांनाही ८–८ मिळाले आणि लढत शेवटी फ्लोरिडातल्या ५३७ मतांवर सुटली.

या यादीकडे नीट पाहिलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते. मोठी उसळी अनेकदा अशा उमेदवाराला मिळते, ज्याची अवस्था अधिवेशनाआधी असायला हवी त्याहून वाईट असते. राज्यशास्त्राचे अभ्यासक थॉमस होलब्रुक यांनी हेच मांडलं. देशाची आर्थिक स्थिती, अध्यक्षांबद्दलची नाराजी यांवरून उमेदवार साधारण कुठे असायला हवा याचा अंदाज बांधता येतो. तो त्या पातळीच्या खाली असेल तर अधिवेशन त्याला वर ओढतं. आधीच त्या पातळीवर असेल तर ओढायला फारसं काही उरत नाही. १९८० मध्ये कार्टर खाली होते, कारण टेड केनेडी यांनी त्यांना पक्षातूनच आव्हान दिलं होतं आणि निम्मा पक्ष रुसून बसला होता. अधिवेशनानंतर रुसलेल्यांपैकी बरेच जण परतले. दहाची उसळी ती हीच. तिने पक्ष पुन्हा गोळा केला, पण देशाचं मत फिरवलं नाही.

आकडा चढतो तेव्हा आत काय घडतं?

रुसलेले परत येतात, हे झालं एक कारण. प्रायमरीत हरलेल्या नेत्याचे समर्थक ‘अजून ठरलं नाही’ असं सांगत असतात. त्यांचा नेता व्यासपीठावर येऊन विजेत्याचा हात उंचावतो आणि त्यांचंही ठरतं. मत इथे खरंच बदललेलं असतं, पण हे मत तसंही ऑक्टोबरपर्यंत घरी येणारच होतं.

दुसरं कारण म्हणजे एकतर्फी आठवडा. त्या चार दिवसांत दुसऱ्या पक्षाचा आवाज जवळपास बंद असतो. बातम्या, चर्चा, छायाचित्रं, सगळीकडे एकच पक्ष. मग दुसऱ्याचं अधिवेशन येतं आणि लंबक उलट फिरतो. रिवाजानुसार सत्तेबाहेरचा पक्ष आधी अधिवेशन भरवतो, त्यामुळे पहिल्याची चढती मोजायला दोन-चार आठवडे मिळतात आणि दुसऱ्याची चढती बऱ्याच अंशी पहिल्याची उतरती भरून काढते.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण ते बातमीत जवळपास कधीच येत नाही. चाचणीवाल्यांचा फोन उचलतं कोण?

क्रिकेटचा मोठा सामना झाल्यावर सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर काय होतं ते आठवा. भारत जिंकला की दीडशे निरोप येतात, वर्षभर गप्प असलेले काकाही सरसावून बोलतात. हरला की शुकशुकाट. गटातली माणसं तीच, क्रिकेटवरचं प्रेमही तेच. फक्त बोलायची इच्छा बदललेली असते. कुणी त्या दिवसाचे निरोप मोजून ‘या सोसायटीत क्रिकेटप्रेमी किती’ हे ठरवायला बसला, तर जिंकल्याच्या दिवशी एक उत्तर येईल आणि हरल्याच्या दिवशी भलतंच.

चाचण्यांत हेच घडतं. आपल्या पक्षाचं अधिवेशन झोकात पार पडलं की त्या पक्षाचा मतदार उत्साहात असतो आणि अनोळखी क्रमांकावरून फोन आला तरी दहा मिनिटं बोलतो. विरोधी मतदार त्या आठवड्यात वैतागलेला असतो, तो फोन ठेवून देतो. नमुन्यात पहिल्याचे लोक वाढतात, दुसऱ्याचे घटतात आणि आकडा उसळतो. एकाही माणसाने मत बदललेलं नसतं.

ही नुसती कल्पना नाही. अँड्र्यू गेलमन, शरद गोएल, डग्लस रिव्हर्स आणि डेव्हिड रॉथशिल्ड या संशोधकांनी २०१२ च्या निवडणुकीत एक्सबॉक्स या खेळयंत्रावरून रोज चाचणी घेतली. साडेतीन लाखांच्या आसपास लोकांकडून साडेसात लाख उत्तरं आली, आणि बरेच लोक पुन्हा पुन्हा उत्तर देत होते. त्यामुळे त्याच माणसाचं मत बदललं की उत्तर देणारी माणसं बदलली, हे वेगळं काढता आलं. त्यांनी तपासलेला मोठा प्रसंग होता ३ ऑक्टोबरचा डेन्व्हरमधला वादविवाद. बराक ओबामा त्यात फिके पडले आणि मिट रॉम्नी चाचण्यांत झपाट्याने वर आले. संशोधकांनी उत्तर देणाऱ्यांमधलं पक्षांचं प्रमाण सारखं करून पाहिलं, तेव्हा ती झेप बहुतांश विरून गेली. डेमोक्रॅटिक मतदार त्या दिवसांत उत्तरंच कमी देत होते. प्रसंग वादविवादाचा असला तरी अधिवेशनाच्या आठवड्यालाही हीच चक्रं लागू पडतात, तिथे तर उत्साह मुद्दाम फुलवलेला असतो.

आणि साधा गणिती भाग उरतोच. हजार लोकांच्या चाचणीत उमेदवाराचा आकडा नुसत्या योगायोगाने तीनेक टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. अशा दोन चाचण्यांची वजाबाकी केली, तर त्या फरकात चारहून अधिक टक्क्यांची चूक असू शकते. म्हणजे आधीची एक आणि नंतरची एक चाचणी घेऊन काढलेली ४ ची उसळी कदाचित उसळीच नसेल.

मग १९९२ चं काय?

हा आक्षेप रास्त आहे. बिल क्लिंटन यांना त्या वर्षी १६ ची उसळी मिळाली, गॅलपच्या नोंदींतली सर्वांत मोठी, आणि त्यांची आघाडी शेवटपर्यंत टिकली. ते जिंकले.

पण त्या आठवड्यात काय झालं ते पाहू. जूनमध्ये गॅलपच्या चाचणीत पहिल्या क्रमांकावर होते टेक्सासचे अब्जाधीश रॉस पेरो, अपक्ष, ३९ टक्क्यांवर. अध्यक्ष बुश ३१ वर आणि क्लिंटन २५ वर, तिसरे. डेमोक्रॅटिक अधिवेशन न्यूयॉर्कला १३ ते १६ जुलै. १६ जुलैला, म्हणजे क्लिंटन ज्या रात्री भाषण करणार त्याच दिवशी, पेरो यांनी शर्यतीतून माघार घेतली. देशातल्या एका मोठ्या गटाचे मतदार एकाएकी उमेदवाराविना उरले आणि संध्याकाळी त्यांच्या टीव्हीवर क्लिंटन होते. पेरो यांच्याकडे गेलेल्यांपैकी अनेक जण मुळात बुश यांच्यावर नाराज होते, त्यांना नवं घर मिळालं. पेरो ऑक्टोबरच्या सुरुवातीला परत आले आणि जवळपास १९ टक्के मतं घेऊन गेले, पण तोवर क्लिंटन यांची बैठक पक्की झाली होती.

अधिवेशनाचं श्रेय इथे नाकारता येत नाही. एका लहान राज्याचा गव्हर्नर कोण, कुठला, हे देशाला त्या चार दिवसांत कळलं. पण तिसरा उमेदवार नेमका त्या दिवशी बाजूला झाला नसता तर १६ चा आकडा दिसला नसता. त्यानंतरच्या प्रत्येक उमेदवाराची तुलना या १६ शी होते, हे मला पटत नाही.

उसळी आता दिसत का नाही?

२००४ मध्ये जॉन केरी यांची उसळी गॅलपने मोजली ती उणे १. २०१२ मध्ये रॉम्नी यांचीही उणे १, ओबामा यांची ३. २०२० मध्ये कोविडमुळे अधिवेशनं बहुतांश पडद्यावरच झाली. बायडेन यांनी डेलावेअरमधल्या विल्मिंग्टन या आपल्या गावातून भाषण केलं, ट्रम्प यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवरून. रोड आयलंडच्या मतांची घोषणा करताना समुद्रकिनाऱ्यावर एक शेफ तळलेल्या माकुलाची थाळी घेऊन शेजारी उभा होता, लोकांना ते फार आवडलं. चाचण्या मात्र जागच्या हलल्या नाहीत.

मुख्य कारण मतदारांचं आहे. १९७०–८० च्या दशकांत अध्यक्षपदासाठी एका पक्षाला आणि संसदेसाठी दुसऱ्याला मत देणारे लोक भरपूर होते. आज दोन्ही पक्षांतले नव्वद टक्क्यांच्या आसपास मतदार आपल्याच उमेदवाराला मत देतात, आणि कुंपणावरचे उरलेत मूठभर. हे मूठभर लोक राजकारणात सर्वांत कमी रस घेणारे असतात. ते अधिवेशन पाहतच नाहीत. २००८ मध्ये ओबामा आणि जॉन मॅकेन यांची भाषणं प्रत्येकी पावणेचार कोटींहून अधिक लोकांनी पाहिली होती. २०२४ मध्ये दोन्ही पक्षांच्या शेवटच्या रात्रीला साधारण अडीच कोटी मिळाले. आणि रिपब्लिकन अधिवेशन पाहणारे बहुतेक रिपब्लिकनच असतात, डेमोक्रॅटिक पाहणारे डेमोक्रॅट.

२०२४: एकाच उन्हाळ्यात सगळं

हा उन्हाळा बारकाईने पाहण्यासारखा आहे. १३ जुलैला पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावी ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला, गोळी कानाला लागून गेली. दोनच दिवसांनी मिलवॉकीत रिपब्लिकन अधिवेशन सुरू झालं. सभागृहात काही प्रतिनिधी स्वतःच्या कानाला पांढरी पट्टी लावून बसले होते. पक्ष इतका एकवटलेला क्वचित दिसला असेल. शेवटच्या रात्री ट्रम्प तासाभराहून बरंच अधिक, सुमारे दीड तास बोलले. हल्ल्याबद्दलची सहानुभूती आणि अधिवेशन असा दुहेरी योग होता.

तीन दिवसांनी, २१ जुलैला, बायडेन यांनी माघार घेतली आणि सगळा प्रकाशझोत हॅरिस यांच्याकडे वळला. एबीसी न्यूज आणि इप्सॉस यांच्या चाचणीत ट्रम्प यांच्याबद्दल चांगलं मत असणारे अधिवेशनानंतर ४० टक्के होते, आठवड्याभरात ते ३६ वर आले. त्याच आठवड्यात हॅरिस यांचे ३५ चे ४३ झाले. मिलवॉकीतून जे कमावलं ते टिकायला आठ दिवसही मिळाले नाहीत.

आणि हॅरिस यांचं? त्यांची वाढ झाली ती अधिवेशनाच्या आधीच्या चार आठवड्यांत. बायडेन यांच्या वयामुळे हिरमुसलेले डेमोक्रॅट परत आले होते. शिकागोचं अधिवेशन उत्तम झालं, हे विरोधकांनीही मान्य केलं, पण त्यानंतर आकडा जवळपास तसाच राहिला. घरी यायचे होते ते आधीच आले होते. शिवाय अधिवेशन संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, २३ ऑगस्टला, अपक्ष रॉबर्ट केनेडी ज्युनिअर यांनी आपली मोहीम थांबवून ट्रम्प यांना पाठिंबा दिला आणि बातमीचा विषयच बदलला.

इथे अंदाज वर्तवणाऱ्यांचीही परीक्षा झाली. नेट सिल्व्हर यांच्या गणितात जुन्या अनुभवावरून अधिवेशनानंतर तात्पुरती उसळी येईल असं गृहीत धरलेलं होतं, म्हणून ते त्या दिवसांतल्या हॅरिस यांच्या आकड्यांतून थोडा भाग वजा करत होते. उसळी आलीच नाही, वजाबाकी मात्र झाली. त्यामुळे सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांच्या गणितात ट्रम्प यांची शक्यता वाढलेली दिसली आणि त्यांच्यावर जोरदार टीका झाली. मला ते गणित चुकीचं वाटत नाही. साठ वर्षांचा अनुभव लक्षात घेणं हे त्यांचं कामच होतं. अनुभवच जुना झाला होता, हा प्रश्न आहे. नोव्हेंबरमध्ये ट्रम्प ४९.८ विरुद्ध ४८.३ टक्क्यांनी जिंकले.

अधिवेशन फसलं तर नुकसान होतं ना?

होतं, पण तेही आपण समजतो तितकं सरळ नाही. १९६८ चं शिकागो सर्वांना माहीत आहे. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात तरुण रस्त्यावर उतरले, पोलिसांनी त्यांना बेदम मारलं आणि सभागृहातल्या भाषणांशेजारी टीव्हीवर त्या लाठीमाराची दृश्यं दिसत राहिली. उमेदवार ह्युबर्ट हम्फ्री यांना उसळी मिळाली २ ची. तरीही पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी रिचर्ड निक्सन यांच्याशी असलेलं अंतर कापत आणलं आणि ते एका टक्क्याहूनही कमी फरकाने हरले. एका सर्वांत कुप्रसिद्ध अधिवेशनानेही लढत संपवली नव्हती.

१९७२ मात्र खरोखर नडलं. जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या अधिवेशनात शेवटच्या रात्री उपाध्यक्षपदासाठी प्रतिनिधी डझनावारी नावं पुकारत बसले. उमेदवाराचं भाषण सुरू व्हायला पहाटेचे पावणेतीन वाजले. तोवर देश झोपला होता. उसळी शून्य. त्यानंतर, तिथे निवडलेले उपाध्यक्षपदाचे उमेदवार थॉमस ईगल्टन यांनी नैराश्यावर विजेच्या झटक्यांचे उपचार घेतल्याचं उघड झालं आणि निवडीपासून १८ दिवसांत त्यांना बाजूला व्हावं लागलं.

२०१६ मध्ये क्लीव्हलँडला, रिपब्लिकन अधिवेशनात, प्रायमरीत हरलेले टेड क्रूझ यांनी व्यासपीठावरून ट्रम्प यांना पाठिंबा द्यायचं टाळलं आणि सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. पुढच्या आठवड्यात फिलाडेल्फियात हिलरी क्लिंटन यांचं अधिवेशन सुरळीत पार पडलं आणि त्या चांगल्या सहा-सात टक्क्यांनी पुढे गेल्या. नोव्हेंबरचा निकाल आपण जाणतोच.

ज्या राज्यात अधिवेशन, ते राज्य जिंकता येतं?

असा समज आहे, आणि दोन्ही पक्ष शहर निवडताना तो डोक्यात ठेवतात. अनुभव मात्र साथ देत नाही. २०१२ मध्ये डेमोक्रॅटिक अधिवेशन नॉर्थ कॅरोलायनात, ते राज्य हरले. रिपब्लिकन फ्लोरिडात, तेही हरले. २०१६ मध्ये फिलाडेल्फियात अधिवेशन भरवून डेमोक्रॅटिक पक्षाने पेनसिल्व्हेनिया गमावलं. २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने विस्कॉन्सिनात अधिवेशन भरवलं आणि ते राज्य जिंकलं, पण त्या वर्षी त्यांनी चुरशीची सातही राज्यं जिंकली होती.

मग या आकड्यांत काहीच अर्थ नाही?

अर्थ आहे, फक्त तो उशिरा कळतो. रॉबर्ट एरिकसन आणि ख्रिस्तोफर व्लेझियन या अभ्यासकांनी १९५२ पासूनच्या अध्यक्षीय निवडणुकांच्या चाचण्या तपासल्या. अधिवेशनांआधीचे आकडे निकालाचा अंदाज द्यायला बऱ्यापैकी कुचकामी ठरतात, दोन्ही अधिवेशनं होऊन धुरळा बसल्यावरचे आकडे मात्र निकालाच्या बरेच जवळ जातात. याच दिवसांत लोक लढतीकडे नीट बघू लागतात आणि आपापल्या जागी बसतात. उसळीचा बराचसा भाग ओसरतो आणि काही भाग उरतो. उरतो तो भाग महत्त्वाचा, आणि तो दुसरं अधिवेशन संपून दोन-तीन आठवडे झाल्याशिवाय दिसत नाही.

म्हणून पुढच्या खेपेला मथळा आला की बातमीत खाली जाऊन पाहा. प्रश्न कोणता होता, मत द्यायचा की पसंतीचा? तुलना त्याच संस्थेच्या आधीच्या चाचणीशी केली आहे की दुसऱ्याच कुणाच्या? एक चाचणी आहे की अनेकांची सरासरी? आकडा देशाचा आहे की पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिनचा? अध्यक्ष ठरतो तो राज्यवार मिळणाऱ्या ५३८ ‘इलेक्टोरल’ मतांवर (अधिवेशनातले प्रतिनिधी वेगळे). देशभरात दोन टक्के जास्त मतं मिळवून हिलरी क्लिंटन २०१६ मध्ये हरल्या त्या यामुळेच.

मत फिरत नसेल तर एवढा खर्च कशाला?

कारण मत फिरवणं हे अधिवेशनाचं एकच काम नाही, आणि माझ्या मते ते मुख्यही नाही. घरोघर जाणारे, फोन करणारे, मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्यांना गाडीतून केंद्रावर नेणारे कार्यकर्ते इथून पेटून परततात. देणग्या येतात. २०२४ मध्ये शिकागोच्या त्या एका आठवड्यात ८ कोटी २० लाख डॉलर जमल्याचं हॅरिस यांच्या मोहिमेने सांगितलं होतं. हे कुठल्याही चाचणीत दिसत नाही.

आणि पक्षाला पुढची माणसंही इथेच सापडतात. २००४ च्या बॉस्टन अधिवेशनाने जॉन केरी यांना काहीच दिलं नाही, उणे १ ची नोंद त्याचीच. पण २७ जुलैच्या रात्री तिथे इलिनॉयच्या विधिमंडळातला, देशाला फारसा माहीत नसलेला एक सदस्य बोलायला उभा राहिला होता. बराक ओबामा. त्या नोव्हेंबरमध्ये केरी हरले, ओबामा सिनेटवर निवडून गेले आणि २००८ च्या डेन्व्हर अधिवेशनात उमेदवारी स्वीकारणारं भाषण त्यांनीच केलं.